आई कशाने गेली

लालबाग, ९ जानेवारी २०२५

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून वाचलं नाहीस तरी चालेल, पण फाडू नकोस. ठेवून दे. कधीतरी वाच.

फोन लागत नाही. तू मला ब्लॉक केलंयस हे कळायलाच मला बरेच दिवस गेले. मी समजत होते तुझा फोन बिघडलाय. घरी यावं तर दारात तुझ्या सासूबाई. म्हणून पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तर खिडकीतली बाई म्हणाली, कुरिअर का नाही करत? कुरिअरवाला तुझ्याकडून सही मागेल, आणि तू माझं नाव बघून परत पाठवशील, हे तिला काय सांगू.

इकडे सगळं बरं आहे. सम्यक तिसरीत आहे, चित्रं छान काढतो, शुद्धलेखन भयानक. धम्मपालचं लिफ्टचं काम चालू आहे. लोअर परळच्या टॉवरमध्ये लिफ्ट अडकली की ह्याला फोन. मी अजून दादरलाच, शिवाजी पार्कच्या मागच्या सेंटरमध्ये. बोर्डावर ‘वेलनेस’ लिहिलंय, आम्हाला थेरपिस्ट म्हणतात. तू मालिशवाली म्हणायचीस. काम तेच आहे.

सेंटरच्या मालकीणबाई, प्रिती मॅडम, त्यांनी आम्हा सगळ्या बायकांना एका कोर्सला घातलंय. दर रविवारी परळला, एका शाळेच्या हॉलमध्ये. मला वाटलं नवीन काही हात शिकवतील, खांद्याचे, कमरेचे. पहिल्या रविवारी तेलाची बाटलीसुद्धा उघडली नाही. शिकवणाऱ्या मानसी मॅडम फिजिओथेरपिस्ट आहेत. त्या म्हणाल्या, हात चालवायला तुम्हाला येतं, थांबवायला शिका. हात लावायच्या आधी विचारायचं. ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा ठेवायचा, बाकी चादरीखाली. काय दुखतं, कसली औषधं चालू आहेत, ऑपरेशन झालंय का, घरात कुणाला कसला आजार होता, सगळं आधी विचारून घ्यायचं.

हे आम्ही एकमेकींना विचारून सराव केला. घरच्या आजारांवर मी अडकले. आई काविळीने गेली, म्हटलं. मॅडम शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, कावीळ कशामुळे झाली होती? मला सांगता येईना. मी दुसरीत होते. तू कॉलेजला होतीस, घरात सगळं तूच बघत होतीस.

तेवढं एक कळव. आईला नक्की काय झालं होतं? कोर्ससाठी हवंय. दुसरं काही नाही.

आकांक्षाला माझा आशीर्वाद. बारावी झाली ना तिची?

दर्शना


लालबाग, २४ जानेवारी

ताई,

तुझं कार्ड आलं. ‘आई काविळीने गेली. तुला माहीत आहे. परत लिहू नकोस.’ बस, एवढंच. पत्त्यात माझं नाव पण अर्धंच. तरी तुझं अक्षर बघून मला बरं वाटलं, मग वाचून वाटलं नाही.

परत लिहिते आहे, कारण मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं. कोर्ससाठी नकोय मला ते.

माझ्या मानेत गाठ आहे. गळपट्टीच्या हाडाच्या वर, डाव्या बाजूला खड्डा असतो ना, तिथे. एक नाही, दोन आहेत. दुखत नाहीत. मला त्यांचा पत्ताच नव्हता. लोकांच्या माना दिवसभर चोळते मी, स्वतःच्या मानेला कधी हात लावते?

आमच्यातली दुर्गा म्हणून एक आहे, नायगावची. आधी घरोघरी बाळ-बाळंतिणींची मालिश करायची. तोंडाची फार बोलकी. रविवारी मानेचा सराव होता, मी टेबलावर आणि ती माझ्या डोक्याशी. तिचं कुणाच्यातरी नणंदेचं काहीतरी सांगणं चाललं होतं. तिचा हात तिथे आला आणि बोलणं थांबलं. हात पुढे गेला, परत मागे आला. मग ती खाली वाकून अगदी हळू म्हणाली, “दर्शना, इथे मला काहीतरी लागतंय. काय आहे ते मला कळत नाही. डॉक्टरांना दाखवून घे.”

आम्हाला शिकवलंय तसंच बोलली. आजाराचं नाव घ्यायचं नाही, अंदाज सांगायचा नाही, घाबरवायचं नाही. पण दुर्गासारखी बाई गप्प झाली ह्यानेच मी घाबरले. उठून बसले तर पायात चप्पल घालता येईना. डावी उजवीत घालत होते.

आमच्या नाक्यावरच्या डॉक्टरांनी बघितलं. वजन कमी झालंय का, संध्याकाळी ताप येतो का, अंथरुणात घाम येतो का. मग म्हणाले, आई आहे? मी म्हटलं नाही. कशाने गेल्या, किती वयाच्या होत्या? मी म्हटलं, कावीळ. चाळिशीच्या आसपास. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, घरात जाणतं कुणी असेल तर नीट विचारून या. आणि सोनोग्राफी लिहून दिली, गाठीत सुई घालून तपासायलाही सांगितलं.

तिथून घरी चालत येताना मला एक आठवलं. ताई, आई ब्लाऊजच्या आत एका बाजूला पंच्याचा तुकडा घडी करून ठेवायची. त्याला डेटॉलचा वास यायचा. मी मांडीवर बसायला गेले की ती मला दुसऱ्या बाजूला घ्यायची. तू मोरीचं दार लावून काहीतरी धुवत बसायचीस आणि मला बाहेर गॅलरीत काढायचीस. मी दार वाजवायचे. डोळे पिवळे झाले ते शेवटी, कोकणातून आजी औषध घेऊन आली तेव्हा. कावीळ हा शब्द मी तेव्हाच ऐकला. त्याच्या आधी कितीतरी महिने ती आजारी होती.

तो पंचा कशासाठी होता?

तू का बोलत नाहीस माझ्याशी ते मला माहीत आहे. मी धम्मपालशी लग्न केलं, कोर्टात, तुम्हाला न विचारता. बाबांनी ते नंतर पचवलं, आमच्याकडे येऊन जेवायला लागले. तू नाही पचवलंस. बाबांच्या तेराव्याला तुझ्या सासरचे यायचे होते म्हणून तू धम्मपालला म्हणालीस, तुम्ही जरा खालीच थांबा. तो थांबला. मी वरून बघितलं आणि मीही खाली उतरले, ती परत वर आलेच नाही. त्यावर मी आज भांडत नाही. मला भांडायला ताकद नाहीये.

पण आईला काय झालं होतं, हे तुझ्या सासरचंही नाही आणि माझ्या सासरचंही नाही. ते आपल्या दोघींचं आहे. सांग ना.

दर्शना


लालबाग, ४ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे.

सुई घालून झालं. म्युनिसिपालटीच्या हॉस्पिटलात. दुखलं नाही फारसं. सुई आत असताना तो शिकाऊ डॉक्टर छताकडे बघत होता आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, काही कळतंय का म्हणून. रिपोर्टला वेळ लागेल म्हणाले.

मला भीती वाटते हे कुणाला सांगू? धम्मपालला सांगितलं तर तो जेवत नाही. परवा मुद्दाम म्हटलं, अरे काही नसेल. तो म्हणाला, बरोबर, काही नसेल, आणि ताट सारून उठला. सम्यकच्या डोक्याला तेल लावताना माझे हात थांबतात. तो म्हणतो, आई, झालं का? मी म्हणते, नाही रे, अजून थोडं.

हात गार पडलेत माझे. ह्या धंद्यात गार हात म्हणजे दुकान बंद. पार्कासमोरच्या एक निवृत्त शिक्षिका येतात, आठवड्यातून एकदा, गुडघ्यांसाठी. त्या म्हणाल्या, आज तुझे हात बर्फासारखे का ग? मी गरम पाण्याची पिशवी शेजारी ठेवते, क्लायंट यायच्या आधी तिच्यावर हात धरून बसते. तेवढ्यापुरते तापतात. प्रिती मॅडमना अजून कळू दिलेलं नाही. त्या वाईट नाहीत, पण मसाज करणाऱ्या बाईला स्वतःलाच काहीतरी झालंय हे पसरलं तर कोण येईल माझ्याकडे?

ह्या रविवारी मी मानसी मॅडमना विचारलं. एखादी क्लायंट फार घाबरलेली असेल तर तिला काय बोलायचं? असं विचारलं की जणू दुसऱ्याच कुणाचं आहे. त्या म्हणाल्या, ‘काही होत नाही’ असं कधी म्हणू नका, कारण तुम्हाला ते माहीत नसतं. पुढे काय करायचं तेवढं सांगा, आणि जमत असेल तर सोबत जा. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मी नाही लिहिलं. दुर्गाने टेबलाखालून माझा गुडघा दाबला.

आता खरं काय ते लिहिते. मी इतके दिवस स्वतःच्याच गाठीचा विचार करत होते. काल भांडी घासताना एकदम दुसरं डोक्यात आलं. आईला जे मला वाटतंय तेच झालं असेल, तर तूही तिचीच मुलगी आहेस. माझ्यापेक्षा मोठी. ती गेली त्या वयाच्या पुढे गेलीस. आणि तुझ्यामागे आकांक्षा आहे.

ताई, तू तपासून घेतलंस का कधी? मी डॉक्टर नाही. मी कुणाला घाबरवायला नाही सांगत. पण एकदा जा. गिरगावात बायकांच्या डॉक्टर आहेत, चर्नी रोडकडे जाताना बोर्ड दिसतो. सासूबाईंना सांग फॉल-बिडिंगच्या साड्या द्यायला चाललेय. मला काही कळवू नकोस, जाऊन आलीस तेही कळवू नकोस. फक्त जा.

माझ्यावर राग धरलास तर धर. ह्यात नको धरूस.

दर्शना


लालबाग, १६ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र पोस्टाने नाही टाकत. दुर्गा आणून देईल, तू साड्या द्यायला जातेस त्या दुकानात. हिरवी ओढणी, खूप बोलते, ती दुर्गा. तिला आत काय आहे ते माहीत नाही.

काल सेंटरला नोंद ‘आकांक्षा’ नावाने होती. नवीन क्लायंट, फक्त पाठ, प्रिती मॅडम म्हणाल्या. मी पडदा सारला तर स्टुलावर तू, पिशवी मांडीवर घट्ट धरून. एवढी वाळलीस. मला वाटलं मी दुसऱ्याच कुणाच्या खोलीत आले.

तू नमस्कार नाही, काही नाही. विचारलंस, “तुझी गाठ कसली निघाली?”

मी सांगितलं, टीबीची. गाठीचा टीबी. दुसऱ्याला लागत नाही, सहा महिने गोळ्या घ्यायच्या, पालिकेच्या दवाखान्यात मिळतात. हे मी तुला लिहिणारच होते, पाकीट आणून ठेवलं होतं. तू डोळे मिटलेस. मग म्हणालीस, खांदा धरलाय, पाठ चोळून दे.

मी विचारलं, कुठली बाजू, कधीपासून, हात लावू का. तुला वाटलं मी तोऱ्यात आहे. “आता मला विचारून हात लावणार तू?” मी म्हटलं, सगळ्यांनाच विचारते. तू मान हलवलीस.

तू पालथी होतीस, त्यामुळे तुला दिसलं नाही ते सांगते. मी दोन्ही हातांनी टेबल धरून उभी होते. मला सुरूच करता येईना. कितीतरी बायकांच्या पाठी बघितल्यात, पण तुझी पाठ आईसारखी आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खांद्याच्या पात्यापाशी तसाच खोलगटपणा. तुला नीट पालथं पडता येत नव्हतं. सारखी उजवीकडे कलंडत होतीस. मी छातीखाली टॉवेलची गुंडाळी सरकवली तेव्हा तू श्वास आत ओढलास. दुखऱ्या खांद्याच्या माणसाचा श्वास असा नसतो.

मी हात काढून घेतला. चादर मानेपर्यंत ओढली. विचारलं, “ताई, डावीकडे काय आहे?”

तू तोंड वर नाही केलंस. उशीतूनच म्हणालीस, “आयेक होता तसाच.”

आणि मग, “माका भीती वाटता गो.”

गिरगावात गेल्यापासून तू एकदम शुद्ध बोलायला लागलीस, सासरी हसतात म्हणून. ती भाषा मी बाबा गेल्यापासून ऐकली नव्हती. तुझ्या तोंडी तर त्याच्याही आधीपासून नाही. मी तुझ्या डोक्याशी खाली बसले.

मग तू सगळं सांगितलंस. छातीची गाठ होती, फुटली होती, तू ड्रेसिंग करायचीस. आजीने तुला शपथ घातली, बाहेर कळलं तर दोन मुलींना कोण करून घेणार. बाबांनी पण मान खाली घातली. कॉलेजातून येऊन ते सगळं धुवायचं, आणि दाराबाहेर मी लाथा मारतेय.

आणि तुला तुझी गाठ गणपतीच्या आधी लागली होती. एवढे महिने. माझं पहिलं पत्र आलं, ‘आईला काय झालं होतं’, तेव्हा तुला वाटलं, दर्शनाला माझ्या गाठीचं कुठूनतरी कळलं. म्हणून ते कार्ड लिहिलंस. मी इथे बसून तुझ्या कठोरपणावर रडत होते आणि तू तिथे घाबरून ते कार्ड लिहीत होतीस.

मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ, मी येते. एवढं ऐकलंस आणि उठलीस. ब्लाऊजची हुकं वरखाली लावलीस, पदर घेतलास. दारात म्हणालीस, “कोणाक सांगलंस तर माझा तोंड बघू नको.”

मी मागे धावले. पार्काच्या कट्ट्यापर्यंत गेले, एप्रन घालूनच. फिरायला आलेली म्हातारी माणसं बघत होती. तू कुठे गेलीस ते कळलं नाही.

रात्रभर मनात एकच. धनेश भावोजींचा नंबर माझ्याकडे आहे. मेसेज लिहिला, पुसला. परत लिहिला, परत पुसला. आम्हाला शिकवतात की क्लायंटने खोलीत सांगितलेलं खोलीतच ठेवायचं. पण तू काय क्लायंट आहेस? आणि बहीण म्हणून सांगितलं तर तू परत कधी दार उघडणार नाहीस. आईच्या वेळी सगळ्यांनी तोंड बंद ठेवलं. आता मीही ठेवायचं का? मला कळत नाही काय बरोबर. मी नाही सांगितलेलं, कुणालाच. धम्मपालला फक्त म्हटलं, पुढच्या आठवड्यात मी सकाळी उशिरा जाईन कामावर. त्याने का म्हणून विचारलं नाही.

मी तुला ‘काही होणार नाही’ म्हणणार नाही. मलाच फार भीती वाटतेय. माझी गाठ निघाली तेव्हा वाटली नव्हती एवढी.

मंगळवारी सकाळी मी खोताच्या वाडीच्या तोंडाशी उभी राहीन. तुझ्या वाडीतून दिसणार नाही अशा ठिकाणी. नाही आलीस तर बुधवारी उभी राहीन. नाहीतर गुरुवारी.

दर्शना


परळ, २७ मार्च

ताई,

आत नेताना तू स्ट्रेचरवरून म्हणालीस, “तुला पत्रं लिहायची सवय लागलीय ना, मग लिहीत बस. बाहेर आले की वाचेन.” म्हणून लिहितेय. रिसेप्शनवरून कागद मागून घेतला, मागे कसलातरी छापील नमुना आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस.

तू आत आहेस. दार उघडलं की आम्ही सगळे उभे राहतो, आणि हाक दुसऱ्याच कुणाची असते. मग बसतो. मधेच वाटतं, मी तुला इथे आणलं, मीच आणलं. काही झालं तर?

मंगळवारी तू आली नाहीस. बुधवारी एक बाई तुझ्यासारखी चालत आली, तू नव्हतीस. गुरुवारी तू साड्यांची पिशवी घेऊन आलीस, मला बघितलंस आणि न थांबता बसस्टॉपकडे चालत राहिलीस. मी मागून आले. बसमध्ये आपण वेगवेगळ्या सीटवर बसलो. मला वाटलं एवढं पुरे आहे.

पुढचं तुला माहीतच आहे. पण तू नसताना झालेलं एक सांगते. तपासण्या झाल्यावर इथल्या डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, उशीर झालाय, पण फार नाही झालेला. मी ते वाक्य त्यांना परत म्हणायला लावलं. तुला मी नुसतं ऑपरेशन करायचंय एवढंच सांगितलं होतं. आता पूर्ण सांगितलं.

भावोजींना तू जेवायला वाढताना सांगितलंस म्हणालीस. ते रागावतील, सासूबाई माहेरचा आजार काढतील, असं तुला वाटत होतं. ते नुसते म्हणाले, “मला का नाही सांगितलंस ग?” आणि वरण तसंच थंड झालं. सासूबाईंनी देव पाण्यात ठेवलेत. आज सकाळी त्यांनी माझ्या हातात अंगारा दिला, माझ्याकडे न बघता. मी घेतला.

तू हो म्हटल्यावर मी धम्मपालला सांगितलं, आणि इथे तुझ्या केसपेपरच्या रांगेत पहिल्या दिवशी तो पहाटेपासून उभा होता, तू येईस्तोवर. तू बाकावर बसल्यावर त्याला काय विचारलंस ते मी ऐकलं. मी चहा घेऊन मागेच उभी होते. तू म्हणालीस, “त्या दिवशी खाली किती वेळ उभे होतात तुम्ही?” तो म्हणाला, “आठवत नाही ताई आता.” त्याला सगळं आठवतं. कुठल्या जिन्यापाशी, कोण वर जाताना बघून गेलं, सगळं. घरी आल्यावर मी त्याला म्हटलं, खोटं का बोललास? तो म्हणाला, आजारी माणसाला कशाला. पण मग बराच वेळ पंख्याकडे बघत पडला होता. तुझी माफी त्याला कधीतरी हवी आहे ताई. आज नको. बरी झालीस की माग.

आत्ता तो आणि भावोजी शेजारी बसलेत. समोरच्या टीव्हीवर आवाज बंद करून बातम्या चालू आहेत, दोघं त्या बघतायत.

आकांक्षाला तू सकाळी जे सांगितलंस ते फार बरं केलंस. मला वाटलं होतं मलाच सांगावं लागेल. तू तिला जवळ बसवून म्हणालीस, तुझी आजी काविळीने नाही गेली. तिला जे होतं तेच मला आहे. मोठी झालीस की तू दरवर्षी तपासून घ्यायचं, लाजायचं नाही. तिने विचारलं, “आई, तू घाबरलीयस?” तू हो म्हणालीस. मला वाटतं आपल्या घरात हे पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्याने बोललं.

माझा कोर्स संपला गेल्या रविवारी. सर्टिफिकेट मिळालं, फोटो काढले, दुर्गाने सगळ्यांना वडे खाऊ घातले. मी मानसी मॅडमना बाजूला घेऊन तुझं सांगितलं, नाव न घेता. ऑपरेशननंतर त्या बाजूचा हात सुजू शकतो म्हणाल्या. त्याची वेगळी मालिश असते, अगदी हलकी, कातडी सरकेल एवढीच. जोर लावला तर उलटं होतं. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर त्या मला शिकवणार आहेत, तोपर्यंत मी माझं शहाणपण चालवायचं नाही. नाही चालवणार. तुलाही विचारल्याशिवाय हात लावणार नाही, तू कितीही टोमणे मार.

दार उघडलं. नाही, दुसऱ्याच कुणाचं.

ताई, मला एक विचारायचंय. तू ड्रेसिंग करायचीस तेव्हा आई तुझ्याशी काय बोलायची? मला तिचा आवाज आठवत नाही. तुला आठवत असेल. जमेल तेव्हा सांग, घाई नाही.

हाक आली. तुझीच. जाते.

...

संध्याकाळ. तू वॉर्डात आहेस, खिडकीजवळचा पलंग. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा आम्ही चौघं एकदम उभे राहिलो. त्या म्हणाल्या, ऑपरेशन नीट झालं. काखेतल्या गाठी काढून तपासायला पाठवल्यात. रिपोर्ट आला की पुढचं ठरेल. म्हणजे भीती काही संपलेली नाही. माझी तरी नाही. पण आज ऑपरेशन झालं आणि तू श्वास घेतेयस, हे मी बघतेय.

भावोजी तुझ्या पायाशी बसले होते, त्यांना जबरदस्तीने जेवायला पाठवलं. धम्मपाल सोबत गेलाय. आकांक्षा बाहेर बाकावरच झोपली.

मघाशी तू डोळे उघडलेस. मला ओळखलंस की नाही कळलं नाही. म्हटलं, ताई, हात धरू का? तू तुझा चांगला हात पुढे केलास. लगेच परत झोपलीस.

‘मघाशी’पासून पुढचं अक्षर वाकडं आलंय, लागलं नाही तर मला विचार. माझा उजवा हात तू धरून ठेवलायस आणि मी डाव्या हाताने लिहितेय. एकदा हळूच सोडवून बघितला, तर तुझी पकड आणखी घट्ट झाली. आता नाही सोडवत.

दर्शना